ह्याचं खाणं कुठनं येतंय?

शिरूर तालुक्यातल्या निमोण्यात आमच्या घरी नवं यंत्र आलं, की आजोबांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "ह्याचं खाणं कुठनं येतंय?" किंमत ते नंतर विचारत.

मोटेच्या काळात याचं उत्तर बांधावरच होतं. बैलांना कडबा आपल्याच रानातला, मोट गावातच शिवलेली, नाडाही गावातच वळलेला. पण मोटेचे गोडवे गाणाऱ्यांनी पहाटेपासून धावेवर बैल मागंपुढं करून पाहावेत. आजी म्हणायची, "दिसभर बैल राबायचं, तवा कुठं एवढंसं रान भिजायचं." म्हणून इंजान आलं तेव्हा कुणी मोटेसाठी रडलं नाही. कुणाकडं साताऱ्याचं कूपर, कुणाकडं खडकीचं किर्लोस्कर. हँडल मारून ते धडधडायला लागलं, की पाणी थारोळ्यात मावत नसे. डिझेल घोडनदीहून यायचं. शिरूरला आमची जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. घोडनदीला ते कुठून येतं, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

ते कळलं 1973 ला. बहात्तरच्या दुष्काळात मिलो खाऊन, दुष्काळी कामावर खडी फोडून माणसं नुकती सावरत होती. विहिरीला थोडं पाणी आलं होतं, कांदा लावला होता. ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं, अरब देशांनी तेलाचा पुरवठा आवळला. पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेलं तेल जानेवारी 1974 पर्यंत साडेअकराच्या पुढं गेलं. थोरले चुलते बैलगाडीत रिकामा डबा टाकून घोडनदीला गेले आणि तसाच घेऊन परतले. अरबांचं भांडण लागलंय, एवढंच त्यांना सांगता आलं. आजोबा म्हणाले, "भांडान त्येंचं, मग कांदा माझा का वाळतोय?" परराष्ट्र धोरणावर याहून नेमका प्रश्न मी अजून ऐकलेला नाही.

दिल्लीही तेव्हा तेच विचारत होती. इराण-इराककडून उधारीवर तेल मिळवण्याच्या खटपटी झाल्या. 1974 मध्ये 'सागर सम्राट' या तेलविहिरी खोदणाऱ्या जहाजाला मुंबईच्या समुद्रात तेल लागलं, 1976 पासून ते निघू लागलं. तरी 1990 मध्ये इराकनं कुवेत गिळलं, तेव्हा परकीय चलन आटलं आणि पुढच्या वर्षी रिझर्व्ह बँकेचं सुमारे 47 टन सोनं इंग्लंडला गहाण गेलं. घरातली पाटली मोडून डिझेल आणलेल्या बायकांना ही बातमी समजावून सांगावी लागली नाही.

मधल्या काळात गावात डीपी बसली, विहिरीवर मोटार आली. आजोबांना वाटलं, सुटलो. पण विजेचं खाणंही सगळं घरचं नव्हतं. तारापूरच्या अणुभट्ट्या अमेरिकेनं उभारल्या, इंधनही तीच द्यायची. 1974 च्या पोखरणच्या अणुचाचणीनंतर तिनं हात आखडला. शेवटी 1982 मध्ये फ्रान्सशी करार करावा लागला. इथं बांधावर मात्र आमचं भांडण एवढंच, की लाईट रात्रीचीच का? उसात बिबट्या आणि हातात बॅटरी घेऊन दारं धरणारा पोरगा. शिरूर तालुक्यात ही भीती नुसती गप्पांतली नाही.

म्हणून चुलतभावानं सौर पंप बसवला, तेव्हा सर्वांत हायसं वाटलं ते वहिनीला. आता भरणं दिवसा होतं. घोडनदीपलीकडच्या पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीत, शेतीच्या फिडरला सौर वीज देण्याच्या सरकारी योजनेची सुरुवात झाली होती. 2024 पासून तर 'मागेल त्याला सौर कृषी पंप' आहे. खुल्या गटातल्या शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे.

आजोबा नाहीत, म्हणून त्यांचा प्रश्न मीच विचारला. ऊन आपलं, पण पॅनेल? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या 2022 च्या अहवालानुसार, पॉलिसिलिकॉनपासून तयार पॅनेलपर्यंत प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा 80 टक्क्यांहून अधिक. 2025 मध्ये चीननं दुर्मिळ मृदा चुंबकांची निर्यात आवळली, तेव्हा पुण्यातल्या विजेवरच्या दुचाकीवाल्यांचीही पंचाईत झाली. अरबांच्या जागी चीन आला, एवढाच फरक, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. डिझेल रोज लागतं. ते अडलं की आठवड्यात इंजान थंड. पॅनेल एकदा बसलं की वीस-पंचवीस वर्षं चालतं. उद्या चीननं पुरवठा रोखला, तर नवा पंप लांबेल, चुलतभावाचा कांदा वाळणार नाही. सौदा करायला बसणाऱ्याच्या हाती वेळ असणं, हीच मोठी ताकद.

तो वेळ मात्र वाया जाता कामा नये. 2022 मध्ये आपण परदेशी पॅनेलवर 40 टक्के आयात शुल्क लावलं. 2025 मध्ये देशातली पॅनेल बनवण्याची क्षमता 100 गिगावॉटवर गेली. पण त्याखालचं वेफर आणि पॉलिसिलिकॉन अजून बहुतांश बाहेरचंच. 2015 मध्ये पॅरिसला भारत-फ्रान्सनं घोषणा केलेली आंतरराष्ट्रीय सौर आघाडी चांगलीच आहे, तिचं मुख्यालयही आपल्याकडं गुरुग्रामला आहे; पण तिच्या परिषदांपेक्षा वेफरचा एक कारखाना मला मोलाचा वाटतो. आणि निमोण्यातले ट्रॅक्टर अजून डिझेलवरच चालतात. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं 85 टक्क्यांहून अधिक आजही बाहेरूनच येतं.