खुबा सांधेबदल शस्त्रक्रियेनंतरचा व्यवसायोपचार

खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्या वृद्ध रुग्णांना दैनंदिन व्यवहार पुन्हा सुरक्षितपणे व शक्यतो स्वतःचे स्वतः करता यावेत, यासाठी दिल्या जाणाऱ्या पुनर्वसन सेवेला खुबा सांधेबदल शस्त्रक्रियेनंतरचा व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) असे म्हणतात. भौतिकोपचारात (फिजिओथेरपी) स्नायूंची ताकद, सांध्याची हालचाल व चालणे यांवर भर असतो. व्यवसायोपचारात अंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, स्वयंपाक अशा प्रत्यक्ष कामांवर भर असतो.

पार्श्वभूमी

आधुनिक खुबा सांधेबदलाचा पाया ब्रिटिश शल्यविशारद जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी रायटिंग्टन रुग्णालयात घातला. भारतात कमला निंबकर यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू झाले. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक व्यवसायोपचार महासंघाच्या संस्थापक सदस्य देशांत भारताचा समावेश होता.

वृद्धांमध्ये ही शस्त्रक्रिया मुख्यतः संधिवातामुळे किंवा पडून खुब्याचे हाड मोडल्यामुळे केली जाते. संधिवाताच्या रुग्णाला घराची तयारी आधीच करता येते. अस्थिभंगाच्या रुग्णाला तशी सवड मिळत नसल्याने तो रुग्णालयात असतानाच कुटुंबीयांना ती करावी लागते.

हालचालींवरील बंधने

नवा सांधा निखळू नये म्हणून आरंभीचे सुमारे ६ ते १२ आठवडे काही हालचाली टाळण्यास सांगितले जाते. सांध्याच्या मागील बाजूने शस्त्रक्रिया झाली असल्यास खुबा ९० अंशांपेक्षा अधिक वाकवणे, पायावर पाय टाकणे आणि पाय आतल्या बाजूस वळवणे वर्ज्य असते. पुढील बाजूने शस्त्रक्रिया झाल्यास बंधने वेगळी असतात. सर्वच रुग्णांना अशी कडक बंधने आवश्यक आहेत का, याबाबत तज्ज्ञांत मतभेद असल्याने संबंधित शल्यविशारदाची सूचना अंतिम मानली जाते.

दैनंदिन कामांचे प्रशिक्षण

* बसणे व उठणे : खुर्ची उंच, टणक व हात असलेली असावी. बसताना शस्त्रक्रिया झालेला पाय किंचित पुढे ठेवून खुर्चीच्या हातांचा आधार घेतला जातो.
* कपडे घालणे : शस्त्रक्रिया झालेल्या पायात कपडा आधी घातला जातो व काढताना शेवटी काढला जातो. खाली न वाकण्यासाठी लांब दांड्याचा चिमटा वापरतात.
* जिना : चढताना चांगला पाय आधी वर, तर उतरताना शस्त्रक्रिया झालेला पाय आधी खाली टाकला जातो.
* अंघोळ : पाटाऐवजी उंच, न घसरणारी खुर्ची वापरली जाते. बादलीही उंचावर ठेवली जाते.

भारतीय घरांतील अडचणी

जमिनीवर मांडी घालून जेवणे, पूजेला पाटावर बसणे, विळीवर भाजी चिरणे आणि उकिडवे बसून शौच करणे या सवयी वरील बंधनांशी थेट विसंगत आहेत. भारतीय पद्धतीच्या शौचालयावर मध्यभागी भोक असलेली कमोड खुर्ची ठेवता येते. पाश्चात्य पद्धतीच्या भांड्यावर उंची वाढवणारी बैठक बसवतात. देव्हारा उंचावर घेणे, भाजी ओट्यावर किंवा टेबलावर चिरणे, भिंतीला आधाराचे दांडे लावणे, सतरंज्या व पायपुसणी उचलणे आणि रात्री शौचालयाच्या वाटेवर दिवा ठेवणे हे बदल अल्प खर्चात होतात. उंबरठा ओलांडण्याचा सराव वेगळा करून घेतला जातो.

कुटुंबाची भूमिका

काळजीपोटी घरचे लोक रुग्णाची सर्व कामे स्वतः करू लागतात. त्यामुळे रुग्णाची ताकद व आत्मविश्वास घटतो आणि पडण्याची भीती वाढते. म्हणून कोणत्या कामात हात द्यायचा व कोणत्या कामात केवळ जवळ उभे राहायचे, हे व्यवसायोपचारतज्ज्ञ कुटुंबीयांना समजावतात. स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णास बंधने लक्षात राहत नसल्याने घराची रचना व काळजीवाहकाचे प्रशिक्षण यांवर अधिक भर द्यावा लागतो.

धोक्याची लक्षणे

खुब्यात अचानक तीव्र वेदना होऊन पाय आखूड किंवा वळलेला दिसणे, पोटरीला सूज व दुखणे, धाप लागणे, ताप येणे किंवा जखमेतून स्राव येणे या लक्षणांत सराव थांबवून तातडीने वैद्यकीय मदत घेणे आवश्यक असते.

हे सुद्धा पहा

* भौतिकोपचार
* संधिवात
* अस्थिभंग