आकाशातले फाटक

मंडळी, संक्रांतीच्या दिवसांत आपल्या यवतमाळकडे पोरे माळावर पतंग उडवतात. त्यातल्या एखाद्याला विचारा, "काय रे, हे आभाळ कोणाचे?" तो हसून म्हणेल, "कोणाचे म्हणजे? सगळ्यांचे!" पण 1934 साली आपल्या देशात विमानांचा जो कायदा झाला, त्यात विमान कशाला म्हणावे हे सांगताना बलून आणि ग्लायडर यांच्या पंगतीला पतंगही बसवलेला होता. म्हणजे कागदोपत्री तुमच्या पोराचा पतंगही सरकारच्या नजरेतून सुटला नव्हता! आभाळाला राखणदार कसा आला, आणि तो आल्यावर हौशी माणसाला आत शिरायला वाट उरली काय, हे आज पाहू.

गोष्ट सुरू होते मुंबईच्या जुहूला. तेथे 1928 साली बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला. जे. आर. डी. टाटा नावाचा एक तरुण या क्लबात हौसेने विमान शिकला आणि 10 फेब्रुवारी 1929 रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक-परवाना त्याला मिळाला. पुढे 15 ऑक्टोबर 1932 रोजी तेच टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादेवरून जुहूला उतरले. एका इंजिनाचे चिमुकले पुस मॉथ विमान, आत माणूस एकटा, आणि बोलायला बिनतारी यंत्रसुद्धा नाही. भरवसा काय तो डोळ्यांवर, नकाशावर आणि होकायंत्रावर. वाटेत कोणाला "येऊ का?" म्हणून विचारायचे कारण नव्हते, कारण आभाळ रिकामेच होते.

आता गंमत पाहा. त्या हौशी माणसाने टपालाची वाट पाडली, टपालामागून उतारू आले, उतारूंमागून मोठी विमाने आली, आणि आभाळात गर्दी झाली. आपल्या भूमीवरच्या आभाळावर त्या त्या राष्ट्राची सत्ता असते, हे तत्त्व 1919 च्या पॅरिस करारात मान्य झालेलेच होते. 7 डिसेंबर 1944 रोजी शिकागोच्या करारात ते पुन्हा पक्के झाले. तेव्हा वाहतुकीची राखण करणे हे सरकारचेच काम ठरले.

ही गर्दी आपल्या विदर्भानेही पाहिली. 1949 साली रात्रीचे विमान-टपाल सुरू झाले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांची विमाने रात्री नागपूरला सोनेगावच्या तळावर गोळा होत, पिशव्यांची अदलाबदल करीत आणि आपापल्या वाटेने परतत. गुरुजींनी वर्गात नकाशावर मुंबई-नागपूर अशी सरळ रेघ ओढून दाखवावी. ती यवतमाळ शहराच्या थोडी उत्तरेकडून जाते. अंधाऱ्या रात्री चार दिशांनी चार विमाने एकाच तळाकडे येतात. कोणी आधी उतरायचे, कोणी किती उंचीवर थांबायचे, हे एकाने ठरवलेच पाहिजे.

हे ठरवणारा माणूस विमानतळाच्या मनोऱ्यात बसतो. तो जेवढ्या आभाळाची राखण करतो त्याला नियंत्रित आकाश म्हणतात. शकुंतला गाडी धावत होती तेव्हा फाटकापाशी बैलगाडी थांबत असे. त्याने रस्ता कोणाच्या मालकीचा होत नसे. गाडी गेली की फाटक उघडे. आकाशातले फाटकही तसेच समजा. फरक इतकाच की ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तेथे आवाजाने विचारावे लागते.

न विचारता, नुसत्या नजरेवर भिस्त ठेवून चालत नाही, हे जुहूनेच दाखवले. सांताक्रूझचा मोठा तळ जुहूच्या अगदी शेजारी. 1953 साली ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. 1972 साली एका जपानी जेटनेही तीच चूक केली आणि ते धावपट्टीबाहेर गेले. दोन्ही वेळा प्राणहानी टळली. अनुभवी वैमानिकांची नजर अशी फसते, तर रविवारी हौसेने उडणाऱ्याची काय कथा!

आणि 12 नोव्हेंबर 1996 ची संध्याकाळ कोण विसरेल? हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची आभाळात टक्कर झाली आणि 349 माणसे गेली. कझाक विमानाला 15,000 फुटांवर राहायला सांगितले होते. ते त्याखाली उतरले. केवळ हजार फुटांचे अंतर पाळले न गेल्याने एवढा अनर्थ झाला.

तर मग हौशी माणसाला मज्जावच आहे का? नाही. आपल्या देशात खासगी वैमानिकाचा परवाना वयाच्या सतराव्या वर्षी मिळू शकतो. किमान 40 तासांचे उड्डाण आणि परीक्षा झाल्या पाहिजेत. बिनतारीवर बोलण्याची परीक्षा वेगळी. निघण्याआधी बेत कळवायचा, विमानात चालू बिनतारी यंत्र हवे, आणि फाटकापाशी आपले नाव, ठिकाण व उंची सांगून परवानगी मागायची. नजरेच्या भरवशावर उडणाऱ्याने साधारणपणे 15,000 फुटांच्या वर जायचे नाही, आणि सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपलीकडे उडायचे नाही. एवढे पाळणाऱ्याचे विमान लहान आहे म्हणून त्याला हाकलून देत नाहीत. मात्र मोठ्या विमानांची रांग असेल तर थांबावे लागते, आणि थांबण्यात पेट्रोल जळते, पैसा जातो. हौशी वैमानिकाची ही तक्रार खोटी नाही.

म्हणूनच शिकणारे हळूहळू शहराबाहेर पडले. जुहूच्या त्या जुन्या क्लबाने शिकवणीचे काम धुळ्याला नेले. बारामतीलाही विमान शिकवतात. मोकळे आभाळ उरले ते जिल्ह्यांत! यवतमाळलाही धावपट्टी आहे. नांदेड, लातूर, बारामती आणि तेव्हाचे उस्मानाबाद यांच्याबरोबर 2009 साली ती एका खासगी कंपनीला लांब मुदतीच्या भाड्याने दिली गेली. पण धावपट्टी झाली म्हणजे उडणारी पोरे आपोआप तयार होत नाहीत, हेही खरे.

आता हा प्रश्न थेट शेताच्या बांधावर आला आहे. 2017 च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. ते दुःख अजून ताजे आहे. ड्रोनने फवारणी केली तर माणूस विषापासून दूर राहतो. पण ड्रोनही आभाळातच उडतो! 25 ऑगस्ट 2021 च्या नियमांनी आभाळाचे हिरवे, पिवळे आणि तांबडे असे भाग केले. हिरव्यात 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या कुंपणापासून 8 किलोमीटरच्या आत विचारल्याशिवाय उडवायचे नाही. 8 ते 12 किलोमीटरमध्ये 200 फुटांपर्यंत मुभा आहे. तांबड्यात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून मुळीच नाही. म्हणून उडवण्याआधी नकाशा पाहावा.

गुरुजनहो, पोरांना एवढे अवश्य सांगा. आभाळ सगळ्यांचे आहे हे त्या पतंगवाल्या पोराचे म्हणणे चूक नाही. पण जे सगळ्यांचे असते तेथे दुसऱ्याच्या जिवाची काळजी घेऊनच शिरावे लागते. फाटकावर कुलूप नाही. हाक मारायची रीत तेवढी शिकली पाहिजे. ती शिकलेली पोरे आपल्या जिल्ह्यातही निपजोत.