व्हिडिओ एडिटिंगसाठी लॅपटॉप घेताय? ग्राफिक्स कार्डाच्या नंबरआधी या गोष्टी तपासा

व्हिडिओ एडिटिंगसाठी लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "ग्राफिक्स कार्ड कोणतं घेऊ?" दुकानदार म्हणतो, जितका मोठा नंबर तितकं चांगलं. मित्र सांगतो, गेमिंग लॅपटॉप घे, डोळे झाकून चालेल. पण महागडं कार्ड असलेल्या लॅपटॉपवर टाइमलाइन अडखळते आणि त्याच्या निम्म्या किमतीच्या लॅपटॉपवर तेच फुटेज सुरळीत चालतं, असंही होतं.

लॅपटॉपमध्ये रॅम किंवा एसएसडी बऱ्याचदा नंतर वाढवता येते. ग्राफिक्स चिप मात्र मदरबोर्डवर पक्की बसवलेली असते, ती बदलता येत नाही. त्यामुळे हा निर्णय चुकला तर पुढची तीन-चार वर्षं तोच लॅपटॉप ओढत बसावं लागतं. म्हणून आधी आपलं फुटेज ओळखायचं, मग सॉफ्टवेअर बघायचं आणि शेवटी कार्डाच्या नंबराकडे वळायचं. या लेखात त्याच क्रमाने जाऊ.

ग्राफिक्स चिप एडिटिंगमध्ये नेमकं काय करते?

तिची कामं तीन.

१. डिकोडिंग: कॅमेरा किंवा मोबाइल व्हिडिओ दाबून साठवतो. तो पाहण्यासाठी प्रत्येक फ्रेम उलगडावी लागते. यासाठी चिपमध्ये एक वेगळा छोटा भाग असतो.

२. इफेक्ट आणि कलर: कलर ग्रेडिंग, ब्लर, नॉइज रिडक्शन, ट्रान्झिशन, व्हिडिओ लहान-मोठा करणं. इथे कार्डाची खरी ताकद वापरली जाते.

३. एक्सपोर्ट: तयार व्हिडिओ पुन्हा दाबून फाइल बनवणं, म्हणजे एन्कोडिंग. यासाठीही वेगळा भाग असतो.

यातली मेख अशी की कार्डाचा नंबर वाढला की दुसऱ्या कामाचा वेग वाढतो. पहिलं काम मात्र चिप कोणत्या पिढीची आहे आणि तिला तुमचा फॉरमॅट वाचता येतो का, यावर ठरतं. फॉरमॅट वाचता येत नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो, पंखा भणभणतो आणि प्लेबॅक अडकतो. "कार्ड इतकं भारी, तरी लॅग का?" या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा इथेच मिळतं.

आधी आपलं फुटेज ओळखा

तीन गोष्टी बघायच्या: कोडेक, बिट डेप्थ आणि क्रोमा सबसॅम्पलिंग. नावं अवघड वाटतात, पण अर्थ सोपा आहे.

कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबायची पद्धत. एच.२६४ जुनी आणि सगळीकडे चालणारी. एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, कमी जागेत तीच क्वालिटी देते, पण उलगडायला जड.

बिट डेप्थ म्हणजे रंगाच्या पायऱ्या. ८-बिटमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा असतात, १०-बिटमध्ये १०२४. लॉग प्रोफाइलमध्ये शूट करणारे १०-बिट यासाठीच वापरतात.

क्रोमा सबसॅम्पलिंग म्हणजे रंगाची माहिती किती पिक्सेलांमागे साठवली आहे. ४:२:० मध्ये चार पिक्सेलांमागे एकदा, ४:२:२ मध्ये दोन पिक्सेलांमागे एकदा. दोन्हींत उजेडाची माहिती मात्र प्रत्येक पिक्सेलची असते.

मोबाइलचा नेहमीचा व्हिडिओ बहुतेक ४:२:० असतो. मिररलेस कॅमेऱ्यांचं तसं नाही. कॅनन आर६ वर सी-लॉग चालू केला की रेकॉर्डिंग एच.२६५, १०-बिट, ४:२:२ मध्ये होतं. सोनी ए७ फोरवर १०-बिट ४:२:२ चा पर्याय दोन्हीकडे आहे: एक्सएव्हीसी एस म्हणजे एच.२६४, आणि एक्सएव्हीसी एचएस म्हणजे एच.२६५. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या अनेकांकडे असेच कॅमेरे असतात, त्यामुळे हा फरक त्यांच्या थेट कामाचा.

आपलं फुटेज काय आहे ते माहीत नसेल तर 'मीडियाइन्फो' हे फुकट सॉफ्टवेअर टाका आणि क्लिप त्यात उघडा. वरच्या तिन्ही गोष्टी तिथे लिहिलेल्या दिसतील.

कोणती चिप काय वाचते?

८-बिट एच.२६४ आणि ४:२:० एच.२६५: आजच्या जवळपास सगळ्या चिप्स हे आरामात वाचतात. तुमचं सगळं काम मोबाइलवरचं असेल तर इथे काळजी नाही.

४:२:२ एच.२६५, १०-बिट: इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या लॅपटॉप प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स हे वाचतं. या सोयीला क्विक सिंक म्हणतात. ॲपलच्या एम मालिकेतल्या चिप्सही वाचतात. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० आणि ४० मालिकांना हे वाचता येत नाही, आरटीएक्स ५० मालिकेपासून येतं.

४:२:२ एच.२६४, १०-बिट: हा सगळ्यात त्रासदायक प्रकार. बहुतेक इंटेल लॅपटॉपवर क्विक सिंक इथे कामाला येत नाही. आरटीएक्स ५० मालिकेत सोय आहे, पण सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर अद्ययावत हवेत. सोनी वापरत असाल आणि लॅपटॉप इंटेलचा असेल, तर एक्सएव्हीसी एस ऐवजी एचएसमध्ये शूट केलं तरी फरक जाणवेल.

रायझन प्रोसेसरमधलं रेडिऑन ग्राफिक्स ४:२:० साठी चांगलं आहे. ४:२:२ साठी त्याच्यावर विसंबू नका.

याचा व्यवहारात अर्थ बघा. दोन लॅपटॉप, दोन्हींत आरटीएक्स ४०६०. एकात इंटेल प्रोसेसर, दुसऱ्यात रायझन. कार्ड तेच, पण कॅमेऱ्याचं ४:२:२ एच.२६५ फुटेज इंटेलवाल्यावर सुरळीत चालेल, कारण उलगडायचं काम इंटेलचं ग्राफिक्स करतं आणि इफेक्ट एनव्हिडिया सांभाळतं. रायझनवाल्यावर तेच काम प्रोसेसरला झेपवावं लागेल. मोबाइलचं फुटेज असेल तर मात्र दोन्ही सारखेच उपयोगी, तिथे स्वस्त पडेल तो घ्या.

व्हीरॅम: इथे काटकसर करू नका

कार्डाची स्वतःची मेमरी म्हणजे व्हीरॅम. फुल एचडी फ्रेममध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, ४के फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख, म्हणजे चौपट. दाविंची रिझॉल्व्ह आतमध्ये ३२-बिट अचूकतेने काम करतं. त्या हिशोबाने एकच ४के फ्रेम १३० एमबीपेक्षा जास्त जागा घेते. नॉइज रिडक्शन लावलं की मागच्या-पुढच्या अनेक फ्रेम एकदम धरून ठेवाव्या लागतात. मग ४ जीबी कधी भरले ते कळतही नाही आणि 'जीपीयू मेमरी फुल' असा संदेश येतो.

- ४ जीबी: फुल एचडी आणि साधं कटिंग.
- ६ जीबी: ४के चालेल, पण इफेक्ट जपून.
- ८ जीबी: ४के, कलर ग्रेडिंग आणि मध्यम इफेक्टसाठी योग्य.
- १२ जीबी आणि पुढे: जड नॉइज रिडक्शन, ६के-८के फुटेज, थ्रीडी काम.

मॉडेलनुसार पाहिलं तर लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०५० मध्ये ६ जीबी, ४०६० आणि ४०७० मध्ये ८ जीबी, ४०८० मध्ये १२ जीबी व्हीरॅम आहे. ५०६० आणि ५०७० मध्येही ८ जीबीच, ५०७० टीआयमध्ये १२ जीबी. म्हणजे ४०६० वरून ४०७० वर जाताना पैसे वाढतात, पण व्हीरॅम तेवढीच राहते. तुमचं काम व्हीरॅममुळे अडत असेल तर तो जास्तीचा खर्च वाया.

नाव तेच, ताकद वेगळी

लॅपटॉपचं कार्ड आणि डेस्कटॉपचं कार्ड नावाने सारखी असली तरी एक नसतात. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७० मध्ये १२ जीबी व्हीरॅम आहे, लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ८ जीबी. त्यामुळे डेस्कटॉप कार्डाचे रिव्ह्यू बघून लॅपटॉप ठरवू नका.

दुसरी गोष्ट वॅटची. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०६० ला कंपनी ३५ पासून ११५ वॅटपर्यंत वीज देऊ शकते. पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये ती कमी असते, जाड गेमिंग लॅपटॉपमध्ये जास्त. बाहेरच्या स्टिकरवर हे लिहिलेलं नसतं. कंपनीच्या वेबसाइटवर स्पेसिफिकेशनमध्ये 'टीजीपी' शोधा. आकडा दिलाच नसेल तर त्या मॉडेलचा रिव्ह्यू पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

चार्जर काढला की असे लॅपटॉप कार्डाची ताकद बरीच कमी करतात. तुमच्याकडे लाइट वारंवार जात असेल तर हे लक्षात ठेवा. गेमिंग लॅपटॉपचा चार्जर २०० वॅटच्या आसपास किंवा त्याहून मोठा असू शकतो, तेव्हा घरच्या इन्व्हर्टरला तो भार धरूनच हिशोब करा.

सॉफ्टवेअर काय वापरता?

प्रीमियर प्रो: कटिंग, प्लेबॅक यात प्रोसेसर आणि डिकोडिंग महत्त्वाचं. कार्डावर चालणारे इफेक्ट वेगळ्या चिन्हाने दाखवलेले असतात. फुल एचडीसाठी १६ जीबी आणि ४के साठी ३२ जीबी रॅम, अशी ॲडोबीची शिफारस आहे. मध्यम कार्ड आणि जास्त रॅम हा इथे शहाणपणाचा सौदा.

दाविंची रिझॉल्व्ह: हे कार्डावर सगळ्यात जास्त अवलंबून. कार्ड आणि व्हीरॅम यांवर खर्च करा. फुकट आवृत्ती एकच ग्राफिक्स कार्ड वापरते आणि एक्सपोर्ट अल्ट्रा एचडीपर्यंतच देते. विंडोजवर हार्डवेअर डिकोडिंगच्या आणि १०-बिट फॉरमॅटच्या काही सोयी पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीसाठीच राखलेल्या आहेत. स्टुडिओची किंमत २९५ डॉलर, एकदाच भरायची. लॅपटॉपचं बजेट ठरवताना ती धरा, नाहीतर भारी कार्ड घेऊनही त्याचा पूर्ण उपयोग होणार नाही.

आफ्टर इफेक्ट्स: प्रिव्ह्यूसाठी रॅम खातं. ३२ जीबी धरून चाला.

फायनल कट प्रो: लॅपटॉपांपैकी फक्त मॅकवर चालतं.

वेगळं कार्ड नसेल तर चालेल का?

रील्स, यूट्यूबचे साधे व्हिडिओ, ऑनलाइन क्लासची रेकॉर्डिंग, यांसाठी नव्या पिढीच्या इंटेल किंवा रायझनचं अंगचं ग्राफिक्स पुरतं. अट एकच: रॅम १६ जीबी हवी आणि शक्यतो दोन चॅनेलमध्ये. असं ग्राफिक्स सिस्टिमचीच रॅम वापरतं, त्यामुळे एकच रॅम स्टिक असेल तर ते मंदावतं.

मॅकबुकमध्येही रॅम आणि ग्राफिक्स मेमरी एकच असते. एम१ प्रो, एम१ मॅक्स आणि एम२ पासून पुढच्या चिप्समध्ये प्रोरेस कोडेकसाठीही वेगळा भाग आहे. बॅटरीवर वेग फारसा कमी होत नाही, हा मोठा फायदा. तोटा असा की मेमरी नंतर वाढवता येत नाही. ८ जीबीचं जुनं मॉडेल स्वस्तात मिळालं तरी ४के साठी टाळा, किमान १६ जीबी बघा.

स्क्रीनकडे दुर्लक्ष नको

कार्डावर पैसे घालून कंपन्या स्क्रीनवर वाचवतात. स्पेसिफिकेशनमध्ये '४५ टक्के एनटीएससी' दिसलं तर त्या स्क्रीनवर रंग फिके दिसणार. तुम्ही ते भडक करून ठेवाल आणि ग्राहकाच्या मोबाइलवर नवरी केशरी दिसेल. '१०० टक्के एसआरजीबी' किंवा त्याहून चांगली स्क्रीन घ्या.

दुकानात करायची १५ मिनिटांची चाचणी

पेन ड्राइव्हमध्ये स्वतःच्या कॅमेऱ्याच्या दोन-तीन क्लिप न्या. दुकानदाराने परवानगी दिली तर क्लिप लॅपटॉपवर कॉपी करून एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये चालवा. सोबत टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये जीपीयू बघा. 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख हलला आणि प्रोसेसर शांत राहिला, तर चिप तुमचं फुटेज वाचते आहे. डिकोड शून्यावर आणि प्रोसेसर ९०-१०० टक्क्यांवर असेल तर हा लॅपटॉप तुमच्या कामाचा नाही.

थोडक्यात, कोणी काय घ्यावं?

- मोबाइलवर शूट, रील्स आणि छोटे व्हिडिओ: वेगळं कार्ड नको, १६ जीबी रॅम, चांगली स्क्रीन.
- यूट्यूब ४के, मध्यम इफेक्ट: ६ ते ८ जीबी व्हीरॅम, १६ ते ३२ जीबी रॅम.
- लग्नाचं शूटिंग, १०-बिट ४:२:२: इंटेल प्रोसेसर आणि ८ जीबी व्हीरॅम, किंवा आरटीएक्स ५० मालिका, किंवा मॅकबुक. ३२ जीबी रॅम.
- जड कलर ग्रेडिंग, थ्रीडी: १२ जीबी किंवा जास्त व्हीरॅम, पूर्ण वॅटचं कार्ड.

आणि शेवटी एक सल्ला. आत्ता आहे त्या लॅपटॉपवर फक्त प्लेबॅक अडखळत असेल, तर खरेदीआधी प्रॉक्सी वापरून बघा. प्रीमियर आणि रिझॉल्व्ह दोन्हींत ही सोय आहे. सॉफ्टवेअर फुटेजच्या हलक्या प्रती बनवतं, एडिटिंग त्यांच्यावर होतं आणि एक्सपोर्ट मूळ फाइलवरून. प्रती बनायला वेळ लागतो, डिस्कवर जागाही लागते. पण रात्री लावून ठेवलं की सकाळी काम सुरू करता येतं. तेवढ्याने भागलं तर हा सीझन जुन्या लॅपटॉपवरच काढा आणि वाचलेले पैसे पुढच्या चांगल्या मशीनसाठी बाजूला ठेवा.