मौनाची प्रार्थना, हातांची सेवा

१२ जानेवारी या दिवसाचे महत्त्व सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. १९३१ साली याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. गांधीजीही तेव्हा येरवड्यातच बंदिवान होते. त्याआधी, १९३० मध्ये, होरेस अलेक्झांडर नावाचे एक इंग्रज गृहस्थ तिथे त्यांना भेटून गेले होते. ते सरकारचे दूत नव्हते. व्हाइसरॉय आयर्विन आणि गांधीजी यांच्यातला संवाद तुटू नये, म्हणून इंग्लंडमधील क्वेकर मंडळींनी त्यांना पाठवले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये, मिठाच्या सत्याग्रहापूर्वी, गांधीजींचे पत्र व्हाइसरॉयकडे पोहोचवणारा रेजिनाल्ड रेनॉल्ड्स हा तरुणही क्वेकरच होता.

कोण हे क्वेकर? श्रोतेहो, सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सच्या प्रेरणेने हा ख्रिस्ती पंथ उदयास आला. त्यांच्या मूळ रीतीत ना पुरोहित, ना मूर्ती, ना ठरलेली प्रार्थना. सारे एकत्र मौन धरून बसतात. कुणाला आतून बोलावेसे वाटले, तरच तो उठून बोलतो. प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे, ही त्यांची श्रद्धा. आपल्या संतपरंपरेत वाढलेल्या माणसाला ती परकी वाटणार नाही.

पण अशी श्रद्धा बाळगणे सोपे, निभावणे कठीण. समोरच्यात देव असेल तर त्याच्यावर शस्त्र कसे उगारायचे? म्हणून १६६० मध्ये त्यांनी राजापुढे युद्धविरोधाची जाहीर भूमिका मांडली. त्याला गुलाम तरी कसे करायचे? इथे मात्र प्रश्न घरातच आला, कारण अमेरिकेतले काही क्वेकर स्वतः गुलाम बाळगून होते. दीर्घ वादानंतर १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने आपल्या सदस्यांना गुलाम ठेवण्यास बंदी केली. जगाला उपदेश करण्याआधी आपले अंगण झाडण्याची ही रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

महाराष्ट्राशी या पंथाचा जिव्हाळ्याचा धागा जुळला तो मार्जोरी साइक्स यांच्यामुळे. १९२८ मध्ये त्या मद्रासच्या शाळेत शिकवायला आल्या, पुढे शांतिनिकेतनात रवींद्रनाथांच्या सहवासात राहिल्या आणि स्वातंत्र्यानंतर वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात नई तालीमच्या कामात रमल्या. मुलाने सूत काततानाच गणित शिकावे, बागेत खत घालतानाच विज्ञान शिकावे, असे हे शिक्षण. १९६४ नंतर नागालँडमधील युद्धबंदीवर देखरेख करणाऱ्या शांती-निरीक्षकांतही त्या होत्या.

मध्य प्रदेशातील होशंगाबादजवळ रसुलिया येथे क्वेकरांचे ग्रामकेंद्र होते. १९७२ मध्ये 'किशोर भारती'च्या साथीने तिथून १६ शाळांत एक प्रयोग सुरू झाला. पाठांतराऐवजी मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकायचे. तो पुढे शेकडो शाळांत पसरला. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. याच रसुलियात प्रताप अग्रवाल यांनी नांगरट आणि रसायने सोडून 'ऋषिखेती' केली. जपानचे मासानोबू फुकुओका १९८८ मध्ये ती पाहायला आले होते.

साधेपणा हे क्वेकरांचे जुने व्रत. त्याला आता पृथ्वीच्या काळजीची जोड मिळाली आहे. २०११ मध्ये ब्रिटनमधील क्वेकरांनी आपल्या संस्था आणि घरे यांतील कार्बन कमी करण्याचा संकल्प केला. २०१३ मध्ये कोळसा आणि तेल काढणाऱ्या कंपन्यांत मध्यवर्ती निधी न गुंतवण्याचे ठरवले. पुन्हा तेच, सुरुवात स्वतःच्या तिजोरीपासून!

या मूठभर लोकांनी सारे प्रश्न सोडवले असे नाही. होरेस अलेक्झांडर यांच्या मध्यस्थीने सोलापूरचे चार हुतात्मे वाचले नाहीत. पण त्यांनी विचारलेला प्रश्न आपल्यालाही चुकत नाही. कमी पावसाच्या आपल्या जिल्ह्यात उजनीचे पाणी उसाला किती, ज्वारीला किती आणि पिण्याला किती, यावर सभा खूप होतात. त्याआधी घटकाभर गप्प बसून प्रत्येकाने आपल्या वाट्याचा हिशेब मांडला, तर तीही प्रार्थनाच ठरेल.