चित्रातला अंगरखा कुणी शिवला?



आज जरा लांबच्या गावाची गोष्ट ऐकू या. उत्तर अमेरिकेत मिसुरी नावाची मोठी नदी आहे. तिच्या काठावर मंडन या आदिवासी लोकांची गावं होती. 1833 च्या हिवाळ्यात तिथे परदेशी पाहुणे मुक्कामाला आले. जर्मन राजघराण्यातले अभ्यासक माक्सिमिलियान आणि त्यांनी पगार देऊन सोबत आणलेला स्वित्झर्लंडचा तरुण चित्रकार कार्ल बोडमर. फोटो काढायची सोय तेव्हा नव्हती, म्हणून अशा मोहिमेवर चित्रकार लागायचाच. थंडी एवढी, की बोडमरचे रंग गोठायचे. तरी त्याने एकेका माणसाला समोर बसवून चित्रं काढली.

त्यातलं गाजलेलं चित्र मंडन प्रमुख मातो-तोपे यांचं. त्यांच्या नावाचा अर्थ 'चार अस्वलं'. अंगात कातड्याचा नक्षीदार अंगरखा, डोक्यावर पिसांचा मोठा साज. चित्राखाली त्यांचं नाव आहे.

आता त्या अंगरख्याकडे बघू. जनावराचं कातडं खरवडायचं, मेंदू चोळून मऊ करायचं, मग बेतायचं आणि शिवायचं, ही सगळी कामं बायकांची. वरची नक्षी साळिंदराच्या काट्यांची. काटे रंगवायचे, ओले करून दातांनी चपटे करायचे आणि एकेक करून कातड्यावर बसवायचे. पांघरायच्या कातड्यांवर पुरुष लढाईचे प्रसंग रंगवत, तर चौकटी-पट्ट्यांची नक्षी बायका रंगवत. मातीची मोठी घरं बायकांच्या मालकीची होती, मका, घेवडा, भोपळ्याची शेतीही त्याच करत. पण अंगरखा घालणाऱ्याचं नाव चित्राखाली आलं आणि करणारीचं राहून गेलं.

मंडन बायकांची आपापली मंडळंही होती. त्यातलं एक वयस्कर बायकांचं. बायसन म्हणजे तिकडचा केसाळ रानबैल. हिवाळ्यात त्यांचे कळप गावाजवळ यावेत, म्हणून या बायका नाच करायच्या. त्या नाचाचंही बोडमरने चित्र केलं. गावाच्या पोटापाण्याचा एवढा मोठा विधी म्हाताऱ्या बायकांच्या हातात होता, हे त्यावरून आपल्याला कळतं.

चित्र बघताना थोडं सावधही राहायला हवं. बोडमरच्या एका छापील चित्रात दोन जमातींच्या दोघी शेजारी-शेजारी उभ्या दिसतात. एक डकोटा बाई आणि एक असिनिबॉइन मुलगी. प्रत्यक्षात त्यांची चित्रं वेगवेगळ्या ठिकाणी काढलेली होती. छापताना ती एकत्र केली. म्हणजे कपडे खरे, पण भेट खरी नाही.

पुढे 1837 साली व्यापाऱ्यांच्या आगबोटीबरोबर देवीची साथ आली. दीड हजारांहून जास्त मंडन लोकांपैकी जेमतेम सव्वाशे-दीडशे वाचले. मातो-तोपे त्याच साथीत गेले. बोडमरच्या चित्रांचं पुस्तक 1839 पासून छापून येऊ लागलं. युरोपातले लोक पानं उलटत होते, तेव्हा त्यातले कितीतरी चेहरे हयात नव्हते.

पण मंडन संपले नाहीत. हिदात्सा आणि अरिकारा या शेजारी जमातींसह त्यांचे वंशज आजही अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात राहतात. त्यांच्यासाठी ही चित्रं म्हणजे आजी-पणजीच्या हातच्या कामाचा पुरावा. पण माक्सिमिलियान यांनी नेलेल्या कितीतरी वस्तू आज जर्मनीतल्या संग्रहालयांत आहेत. आपल्या पणजीचं काम बघायला वंशजांना समुद्र ओलांडावा लागतो.

तेव्हा मैत्रिणींनो, जुनं चित्र किंवा फोटो हातात आला की दोन प्रश्न विचारा. यातलं माणूस कोण? आणि त्याच्या अंगावरचं कुणी केलं? आपल्या घरातल्या जुन्या फोटोंमागेही पेन्सिलीने लिहून ठेवा. नाव, गाव, साल आणि मांडीखालची गोधडी कुणी शिवली तेही. सांगणारी आजी अजून घरात आहे, तोवर हे काम होऊन जाऊ दे.