मानेतली दबलेली नस: छेद लहान झाला, पण नवीन नेमकं काय?

लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना आपण बहुतेक जण एक चूक करतो. 'आधी मोठा छेद, आता छोटा छेद, म्हणजे प्रगती' अशी सरळ रेघ ओढून मोकळे होतो. मानेत दबलेल्या नसेच्या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचला की ही रेघ टिकत नाही.

मणक्यांमधली गादी सरकली किंवा हाड वाढलं की हाताकडे जाणारी नस बाहेर पडण्याच्या छिद्रातच दबते. खांद्यापासून बोटांपर्यंत कळ जाते. १९४४ मध्ये स्पर्लिंग आणि स्कोव्हिल या अमेरिकन न्यूरोसर्जननी मानेच्या मागून जायचा मार्ग मांडला: हाडात छोटी खिडकी करून नसेला जागा द्यायची. पण तिथवर पोचायला स्नायू हाडापासून सोडवावे लागत, आणि नंतर मान दुखायची.

१९५० च्या दशकात दिशा बदलली. बाल्टिमोरचे स्मिथ आणि रॉबिन्सन, तसेच होनोलुलूचे क्लोवर्ड, गळ्याकडून आत गेले. त्यांनी गादी काढली आणि तिथे रुग्णाच्याच कमरेचं हाड बसवून दोन मणके जोडले. मज्जारज्जूच्या समोरचा दाब असाच नीट काढता येतो, म्हणून ही पद्धत रुळली. पण त्या दोन मणक्यांमधली हालचाल कायमची जाते, आणि काहींना गिळायला त्रास होतो किंवा आवाज बसतो.

१९९७ मध्ये फोली आणि स्मिथ (हे स्मिथ वेगळे!) यांनी कमरेसाठी नळी आणली. एकावर एक मोठ्या होत जाणाऱ्या नळ्या सरकवायच्या, म्हणजे स्नायूंचे तंतू कापले न जाता बाजूला होतात. काही वर्षांतच ही नळी मानेच्या शस्त्रक्रियेत आली. आतली खिडकी मात्र १९४४ चीच!

म्हणजे नवीन होतं ते हत्यार. कल्पना जुनीच होती. दोघांची परीक्षा वेगवेगळी घ्यावी लागते. नेदरलँड्समधल्या ९ रुग्णालयांत २६५ रुग्णांवर झालेल्या यादृच्छिक चाचणीत, वर्षभरानंतर मागचा मार्ग समोरच्या मार्गापेक्षा कमी पडला नाही. हे निष्कर्ष आले २०२२ मध्ये, मूळ कल्पनेनंतर ७८ वर्षांनी. आणि तिथेही प्रश्न मार्गाचा होता, छेदाच्या लांबीचा नव्हता.

आणखी एक गोष्ट. नळी आली त्याच १९९७ मध्ये स्वीडनमधला ८१ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी आणि मानेचा पट्टा यांची तुलना होती. सुरुवातीला शस्त्रक्रिया पुढे होती, पण साधारण वर्षभरानंतर तिन्ही गटांत फारसा फरक उरला नाही. याचा अर्थ शस्त्रक्रिया निरुपयोगी असा नाही. कळ असह्य असेल तर ते सुरुवातीचे महिनेच महत्त्वाचे असतात. पण फक्त 'छोटा छेद की मोठा' एवढंच विचारलं असतं, तर हे कळलंच नसतं.

म्हणून रिव्ह्यूमध्ये 'नवीन तंत्र' असं लिहिण्याआधी दोन प्रश्न विचारा: यात नवीन नेमकं काय आहे? आणि तुलना कशाशी केली आहे?