सुई कोणाच्या हाती?

गर्भनिरोधक इंजेक्शन स्त्रीला स्वतः टोचून घेण्याची सोय असावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये केली. वरवर पाहता हा वैद्यकीय तपशील आहे. प्रशासनात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला मात्र त्यात शासन आणि नागरिक यांच्या नात्याचा इतिहास दिसतो.

१९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आणीबाणी संपली, तरी उद्दिष्टांची सवय सुटली नाही. मी सेवेत आलो तेव्हाही आढावा बैठकीत आकडाच विचारला जाई. स्त्रीला काय समजावून सांगितले, हे मीही कधी विचारले नाही. ही उद्दिष्टे केंद्राने १९९६ मध्ये रद्द केली.

त्याआधीच, १९८० च्या दशकात, 'नेट-एन' या इंजेक्शनच्या चाचण्या सुरू झाल्या होत्या. हा प्रयोग आहे, याची पुरेशी कल्पना स्त्रियांना दिली जात नसल्याचे हैदराबादजवळच्या पाटनचेरू येथे १९८५ मध्ये महिला कार्यकर्त्यांच्या लक्षात आले. १९८६ मध्ये स्त्री शक्ती संघटना, सहेली आदींनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. एकदा टोचलेले औषध परत काढता येत नाही. रक्तस्राव अनियमित झाला तर बाईने जायचे कोठे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पुढे 'डेपो-प्रोव्हेरा'ला १९९३ मध्ये परवाना मिळाला, पण सरकारी कार्यक्रमात ते 'अंतरा' या नावाने यायला २०१७ साल उजाडले. या विलंबाला कोणी दप्तरदिरंगाई म्हणेल. मी त्याला गमावलेल्या विश्वासाची किंमत म्हणतो.

आता त्याच औषधाची १०४ मिलिग्रॅमची मात्रा छोट्या सुईसह एकाच कुपीत मिळते. दर तीन महिन्यांनी ती पोटाच्या वा मांडीच्या त्वचेखाली टोचायची असते. मलावीतील चाचणीत स्वतः टोचणाऱ्यांपैकी ७३ टक्के स्त्रिया वर्षभर टिकल्या. कर्मचाऱ्यांकडून घेणाऱ्यांत हे प्रमाण ४५ टक्के होते. दवाखान्याची खेप वाचली, हे त्याचे एक उघड कारण.

तथापि, कुपी हाती देऊन शासनाची जबाबदारी संपत नाही. दुष्परिणाम आधी सांगणे, त्रास झाल्यास उपचार देणे आणि नको म्हटल्यास तो नकार मानणे, हे काम उरतेच. आढावा बैठकीत यापुढे किती कुप्या वाटल्या याआधी किती जणींना नीट समजावले, हे विचारले जावे. तो प्रश्न मी तेव्हा विचारायला हवा होता.